तुझ्या वजनाचा गिअर

अन्वर, तुझा हात बिघडला नव्हता.

मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात यावी, ही आमच्या धंद्याची शिस्त. म्हणून ती आधी सांगितली. बाकीचा सगळा तपशील आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "बातमीदार, पुरावा?" पुरावा आहे. तो गेल्या रविवारी सकाळी शर्यतीच्या सरळ पट्टीवर मिळाला, आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला मी उभा होतो.

तुला जाऊन चाळीस दिवस झालेले नाहीत, तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. तळ्याजवळच्या गल्लीतलं तुझं गॅरेज आपा थोरल्या बहिणीच्या हक्काने रोज सकाळी उघडते, पंखा लावते आणि समोरच्या ओट्यावर बसून काजं करते. गिऱ्हाईक आलं तर सांगते, "मेकॅनिक नाही. पाणी पिऊन जा." लोक पाणी पितात, दोन मिनिटं उभे राहतात आणि जातात. काहीजण अजून तुझ्या नावाने हाक मारतच येतात. आपा त्यांना दुरुस्त करत नाही.

आपण एका बाकावर शिकलो. पुढे तू आखातात गेलास आणि तिथल्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांच्या महागड्या गाड्यांचे गिअरबॉक्स उघडत राहिलास. मी इथे दुसऱ्यांची वाक्यं उघडत राहिलो. तू परत आलास तेव्हा तुझं पोट सुटलं होतं, आवाज वाढला होता आणि तुला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. भेटल्या भेटल्या तू माझ्या पेपरातली बातमी माझ्यासमोर आपटलीस. एका मोटारसायकल शर्यतीची बातमी होती. त्यात विजेती गाडी 'सुसाट' गेली होती.

"सुसाट म्हणजे काय रे? किती लागलं ते लिहायला शाई संपली होती?"

ती बातमी माझी नव्हती. पण तेव्हापासून माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही मजकुरात 'सुसाट' राहिलेलं नाही. हे तुला कधी सांगितलं नाही. तू गल्लीभर सांगितलं असतंस.

वाद तिथेच सुरू झाला. माझं म्हणणं साधं होतं. वाचकाला ताकद कळते. इंजिन किती मोठं, किती ताकदीचं, एवढं सांगितलं की चित्र उभं राहतं. तू म्हणायचास, ताकद सगळ्यांकडे असते, जमिनीपर्यंत पोचते किती ते सांग. मला कळेना, म्हणून तू मला अंगणात नेलंस. तिथे पाथरवटाने टाकून दिलेली एक फरशी होती. तू हातात पहार दिलीस.

"हलव."

पहार आखूड धरून हलवायला गेलो. फरशी ढिम्म.

"आता टोकाला धर."

हलली. वीतभर.

"बास, झाला तुझा पहिला गिअर," तू म्हणालास. "लांब पहार, म्हणून दगड हलला. पण हलला किती? वीतभर. तुझे हात मात्र कमरेपासून गुडघ्यापर्यंत आले. तेवढ्यात इंजिनाचा दम संपतो. मग पहार आखूड करायची, म्हणजे दुसरा गिअर. जोर कमी मिळतो, अंतर जास्त कापतं. आणि बदलताना हात रिकामे. तेवढा वेळ गाडी नुसती वाहते, कोणी ढकलत नाही तिला."

आपा ओट्यावरून म्हणाली, "अन्नू, त्याला फरशी उचलायला लावू नकोस. पाठ धरेल आणि उद्याचा पेपर निघायचा नाही."

पिकअप म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकलो. इंजिनात जे तयार होतं, ते गिअरबॉक्समधून, साखळीतून, मागच्या दातेरी चक्रातून, म्हणजे स्प्रॉकेटमधून, चाकाला मिळतं. मागच्या स्प्रॉकेटचे दात वाढवले की पहार लांब होते: गाडी जागची उसळून सुटते, पण प्रत्येक गिअर लवकर संपतो. दात कमी केले की सुटताना गाडी मवाळ होते, पण गिअर लांबपर्यंत पुरतात. दोन्ही एकदम मिळत नाही. कुठे द्यायचं आणि कुठे सोडायचं, एवढंच ठरवायचं असतं.

तू ठरवलंस ते मी पाहिलं आहे. स्वतःच्या शर्यतीच्या गाडीसाठी तू शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी चढवलीस, मग जॅकेट-हेल्मेटसकट स्वतः चढून बसलास. भंगारवाला म्हणाला, "अन्वरभाई, कशाचा भाव लावू? लोखंडाचा की मटणाचा?" तू हसलास, आकडा खडूने फरशीवर लिहिलास, आणि बराच वेळ त्याच्यासमोर उकिडवा बसून राहिलास. त्या आकड्यावरून तू मागे सत्तेचाळीस दातांचं स्प्रॉकेट लावलंस. पुढचं चाक जमिनीला जेमतेम टेकून राहील आणि इंजिनाने दिलेलं सगळं मागच्या चाकाला मिळेल, अशी ती बरोब्बर हद्द होती. पहिल्याच शर्यतीत तुझं सुटणं बघून बाकीचे लोक स्वतःच्या गाड्या सोडून तुझ्या स्प्रॉकेटचे दात मोजायला आले.

माझी हरकत एकच होती. मी नेहमी पट्टीच्या शेवटाला उभा राहायचो, कारण निकाल तिथे लागतो. तिथे ऐकू यायचं की तुझी गाडी रेषेच्या जरा अलीकडे पाचव्यातून सहाव्यात जाते. आवाज तुटतो, पडतो, पुन्हा चढायला लागतो आणि तेवढ्यात रेषा येते. तो सहावा गिअर वाया जात होता.

"तीन दात कमी कर," मी म्हणायचो. "पाचव्यातच रेषा ओलांडशील."

"स्टार्ट गेला की शर्यत गेली. शेवटाला उभं राहून स्टार्टच्या गप्पा मारू नकोस."

"मग तू शेवटाला येऊन ऐक."

"मी शेवटाला गाडीवरून येतो. चालत तूच येतोस."

चव्वेचाळीस दातांचं स्प्रॉकेट तू आणलं होतंस. ते कागदातून काढलंही नाहीस. तो वाद तुझ्या बाजूने कायमचा अर्धा राहिला.

मग आजार आला. त्याच्याबद्दल इथे लिहायचं नाही, कारण त्याच्यात तुझं असं काही नव्हतं. गाडीपुरतंच सांगतो. मधल्या काळात बरं वाटायचं तेव्हा तू उरण रस्त्यावरच्या रिकाम्या कंटेनर यार्डात गाडी घेऊन जायचास. मालक तुझं जुनं गिऱ्हाईक. तिथे ते पहिल्यांदा झालं. क्लच सोडला आणि पुढचं चाक उचललं. तू थ्रॉटल बंद केलास, चाक टेकलं. पुन्हा सुटलास, पुन्हा उचललं. ज्या गाडीची हद्द तू स्वतः आखली होतीस, ती तुझ्याच हातात हद्द ओलांडत होती.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की औषधांनी बोटांना मुंग्या येतील. तुला उत्तर मिळालं. तू डावा हात वर करून, दुसऱ्याची वस्तू बघावी तसा त्याच्याकडे बघितलास आणि म्हणालास, "हा गेला."

दुसऱ्या दिवसापासून तू एक पिवळा रबरी चेंडू दाबायला लागलास. टीव्ही बघताना, पाहुण्यांशी बोलताना, दवाखान्याच्या बाकावर. मी कधी फोन केला तर आपा सांगायची, "हात दाबतोय." क्लच सोडायची ती एक सेकंदाची हालचाल तुला परत हवी होती. चेंडूची एक बाजू चपटी झाली. चाक उचलत राहिलं. शेवटी तू गाडीवर कापड टाकलंस आणि हेमलताला बोलावून घेतलंस.

हेमलता कोण ते तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगतो. बेलपाड्याची, नवीन पनवेलच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका, तुझ्या गॅरेजमध्ये स्वतःची गाडी घेऊन यायची आणि तुझ्याशी भांडल्याशिवाय जायची नाही. तू तिला किल्ली दिलीस तेव्हा ती म्हणाली, "मना नको. तुमी बरे झाले का तुमीच चालवाल." तू म्हणालास, "बरा झालो तर मागून घेईन. तोवर उभी गाडी म्हणजे नुसतं लोखंड. त्याचा भाव शेजारी विचार."

यात कुठेही कोणी एक गोष्ट बोललं नाही. आपल्याकडे आजारी माणसाला 'बारीक झालास' म्हणत नाहीत. भेटायला येणारा प्रत्येकजण दारातूनच म्हणायचा, "आज चेहरा चांगला दिसतोय." मीही म्हणायचो. हा रिवाज वाईट नाही. माणूस झोपला असेल तरी त्याच्या उशाशी कोणी वजनाचा शब्द काढत नाही, यात माया आहे. पण गाडीचा प्रश्न नेमका त्याच शब्दात होता.

तू गेल्यानंतर हेमलता तुझी गाडी सरावाला घेऊन गेली. शर्यतीत तिचं नाव तूच घातलं होतंस, त्यामुळे जाणं भाग होतं. पहिल्यांदा सुटतानाच चाक उचललं. दुसऱ्यांदा उचललं. तिने मला फोन केला.

"काका, गाडी वर उडतेय. थ्रॉटल बंद करावा लागतोय, तवर बाजूची गाडी निघून जाते."

"क्लच?"

"क्लच बरोबर हाय. माज्या हाताला काय झालंय? मी दिवसभर पोरांबरोबर दोऱ्या ओढते."

त्या संध्याकाळी आम्ही गॅरेजमध्ये जमलो. आपाने कपाटातून तुझं चामड्याचं जॅकेट काढून आणलं होतं. म्हणाली, शर्यतीत घाल, चामडं चांगलं आहे. हेमलताने ते अंगात घातलं. बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येईनात.

"आपा, यात माजी अख्खी भावकी मावंल!" ती हसत गोल फिरली. मग थांबली. "अन्वरभाय एवढे कुठं होते? मना दिसले ते तं पार काठी."

शेवटी कोणीतरी ते बोललं. आपा सुईत दोरा ओवत होती, ती तशीच राहिली.

"एवढाच होता," ती म्हणाली. "त्याचे शर्ट मी आत घेत होते. पँटी पण. दर थोड्या दिवसांनी एक शिवण. जुन्याच रंगाचा दोरा वापरायचे, त्याला कळू नये म्हणून."

"आणि ह्ये जॅकेट?"

"चामड्यात माझी सुई जात नाही."

म्हणजे घरातल्या सगळ्या कपड्यांनी तुला सांगितलं की तू आहेस तसाच आहेस. खरं सांगणारा एकच कपडा होता. शेवटच्या सरावांना तू तो घरी ठेवायला लागला होतास, चेन अडकते म्हणून. रविवारी हेमलताने ती चेन लावली, एका झटक्यात लागली. याचा अर्थ काय तो मी लावणार नाही. माझ्याकडे दुसरा साक्षीदार नाही.

हेमलता अजून जॅकेटमध्येच होती. ती गाडीकडे बघत म्हणाली, "म्हंजे गाडी एवढ्या मानसासाठी बांधलेली हाय."

अन्वर, इतकं सोपं होतं. गाडी तीच, इंजिन तेच, सत्तेचाळीस दात तेच. वर बसलेला माणूस हलका झाला, म्हणून जी उसळी पूर्वी त्याला पुढे न्यायची, ती आता चाक वर उचलायला लागली. भंगारवाल्याच्या काट्यावर तू एकदाच चढलास. गाडीचं तेल, साखळीचा ताण, टायरची हवा तू दर वेळी तपासायचास. चालवणाऱ्याचं वजन मात्र एकदा घेतलं की झालं, असं धरून चाललास. तुझ्या ओळखीतले सगळेच तसं करतात, हे मी नंतर विचारून घेतलं.

पण विचार पटला म्हणजे पुरावा झाला नाही. दुसऱ्या दिवशी हेमलताने शाळेतून वाळूचे पट्टे आणले, पोरं व्यायामाला पायाला बांधतात ते. यार्डात आपण तिघं. 'आपण' असंच लिहिलं गेलं, राहू दे. आपा, हेमलता आणि मी. तुझं जॅकेट बाह्या दुमडून हेमलताच्या अंगावर, आणि आत कमरेला, पोटाला, छातीला पट्टे गुंडाळत गेलो, जॅकेट भरेपर्यंत. चेन लावल्यावर आपाने दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाली, "हं. आता अन्नू." मग तोंड फिरवून पदराने चष्मा पुसत राहिली.

हेमलता सुटली. चाक जमिनीवर राहिलं. परत आली, पुन्हा सुटली, चाक जमिनीवर. मग पट्टे काढले. चाक उचललं. पट्टे बांधले, टेकलं. काढले, उचललं. हात दर वेळी तोच होता.

मुंग्या खऱ्या होत्या, अन्वर. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. पण चाक त्यांनी उचललं नव्हतं. तुझा हात पूर्वी क्लच सोडायचा तसाच शेवटपर्यंत सोडत होता.

मग आपाने विचारलं, आता काय करायचं. मी कागदात गुंडाळलेल्या चव्वेचाळीसकडे बोट दाखवलं. हेमलताने मान हलवली.

"नाय काका. ह्यो अन्वरभायनी सोता लावलेला हाय. त्यांच्या मागं लगेच काढायचा?"

सत्तेचाळीस दातांमध्ये तुझं वजन होतं, तू चालता-फिरता, भांडत होतास तेव्हाचं. ते उतरवायचं म्हणजे काय, हे आम्हा तिघांना कळत होतं. उत्तर आपाने दिलं. तिने आयुष्यभर लोकांची मापं घेतली आहेत.

"दुसऱ्याच्या मापाचं घालून कोणी पळतं का? पायात येईल. काढ."

हेमलताने ते काढलं. वेळ लावून, नीट. तू पाना कसा धरायचास तसा धरून.

रविवारी आपा पहिल्यांदाच शर्यतीला आली. इतकी वर्षं तू बोलवायचास आणि ती म्हणायची, तू पडलास तर मला बघायचं नाही. तिला मी सुरुवातीच्या दोरीपाशी उभं केलं आणि सांगितलं, पुढच्या चाकावरून नजर हलवू नकोस. मी सवयीने शेवटाला गेलो. तेव्हा सुरुवातीचं जे लिहितो आहे ते आपाच्या सांगण्यावरून. ती म्हणते, दिवा हिरवा झाला, चाक थरथरलं, आणि जमिनीवरच राहिलं. "सुई कापडावरून जाते तसं. वर नाही, खाली रुतून पण नाही." हेमलताला थ्रॉटल बंद करावा लागला नाही. स्प्रॉकेट आता कमी जोर देत होतं, पण दिलेला सगळा जोर तिला वापरता येत होता.

माझ्या टोकाला मी ऐकत होतो. दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा पडला तेव्हा गाडी दिसायला लागली. मग मी त्या जागेची वाट बघत राहिलो, जिथे तुझा आवाज तुटायचा. जागा आली. आवाज तुटला नाही. तो चढत राहिला, ताणत राहिला, अगदी वरच्या पट्टीला पोचला, आणि तसाच अखंड माझ्यासमोरून रेषेपलीकडे गेला.

निकाल: तिच्या गटात दुसरी. पहिला आलेला मुलगा पुष्कळ पुढे होता, त्यात वाद नाही. पण तुझ्या गाडीने ती पट्टी याआधी इतक्या कमी वेळात कधीच कापली नव्हती. तुझ्या हातीसुद्धा नाही. किती लागलं ते विचारशील. वेळेची चिठ्ठी हेमलताने कोणाला न दाखवता जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली आहे आणि चेन लावली आहे. बातमीदाराला दिली नाही. यावर तू हसशील.

परतीच्या वाटेवर आपाने आधी मला पाणी दिलं. मग म्हणाली, "म्हणजे हात ठीक होता त्याचा."

"हो."

"चेंडू उगीच दाबत बसला."

"उगीच."

"मला सांगून काय उपयोग? त्याला सांग."

म्हणून हे लिहिलं. तो चेंडू आता तिच्या मशीनपाशी आहे. काजं करून बोटं आखडली की ती चपट्या बाजूने दाबते. सत्तेचाळीस दातांचं स्प्रॉकेट तेल लावून फळीवर ठेवलं आहे. गॅरेज संध्याकाळचं हेमलता बघणार आहे, शाळा सुटल्यावर. आपाने तिला एकच अट घातली: पाणी विचारल्याशिवाय कोणाला परत पाठवायचं नाही.

काल संध्याकाळी तिथे गेलो तर ती गाडीपाशी उकिडवी बसली होती, खडू घेऊन. तू बसायचास तिथेच. भंगारवाल्याच्या काट्यावरून उतरली होती आणि फरशीवर स्वतःचा आकडा लिहिला होता.

"काका, अजून एक दात कमी केला तर?"

"नको," मी म्हणालो. "स्टार्ट गेला की शर्यत गेली."

तिने वळून बघितलं. "ह्ये वाक्य तुमचं नाय. अन्वरभायचं हाय."

वाद चालू आहे, अन्वर. सध्या तुझी बाजू माझ्याकडे आहे.